वंदनीय जेरोम लेजून : उशिरा बोलणाऱ्या लेकरांचे वैद्य

ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास यावा, धर्मगुरूंची व आरंभीच्या कुटुंबांची नावे यावीत, हे योग्यच होय. आणि ती अन्यत्र आलीही आहेत. येथे जे चरित्र देण्याचे योजिले आहे ते मात्र दूरदेशीच्या एका गृहस्थाचे आहे. ते धर्मगुरू नव्हते की संन्यासी नव्हते. पाच मुलांचे पिता व पेशाने वैद्य होते. पिंपरी, चिंचवड किंवा चाकण ह्या गावांशी त्यांचा काही संबंध आला नाही. तरी ह्या पट्ट्यातील काही घरांत त्यांचे काम येऊन पोहोचते, आणि ते कोणाचे हे त्या घरांस बहुधा ठाऊक नसते. नवजात बालकाच्या रक्ताची तपासणी होऊन ‘ट्रायसोमी २१’ असे लिहिलेला कागद ज्या आईबापांच्या हाती पडतो, त्यांच्या दुःखाशी ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य बांधून घेतले ते हे डॉक्टर जेरोम लेजून होत.

आपल्या भागात वेळेला फार किंमत आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्याचा भोंगा, पाळी व बस ह्यांच्या तालावर घर चालते. आजी-आजोबा नगर जिल्ह्यात किंवा मराठवाड्यात गावी राहिलेले, आईबाप दोघेही कामावर. अशा घरात जे मूल प्रश्नाचे उत्तर सर्वांच्या मागून देते, त्याच्याशी बोलावयास कोणास सवड होत नाही. आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही ते मूल अधिकच मागे पडते. म्हणून हे चरित्र आपणांस उपयोगी पडेल असे वाटले.

जेरोम लेजून ह्यांचा जन्म १३ जून १९२६ रोजी पॅरिस शहराला लागून असलेल्या माँतरूज ह्या गावी झाला. महायुद्धाच्या दिवसांत कुटुंब एतांप ह्या गावी राहिले. तेथे शाळेचे शिक्षण नीट चालेना, तेव्हा ह्या मुलाने बराचसा अभ्यास घरीच, स्वतःच्या बळावर केला. बाल्झाक ह्या कादंबरीकाराने रंगविलेला खेड्यातील एक परोपकारी वैद्य वाचून त्यांच्या मनाने घेतले की आपणही असेच कोठे तरी खेड्यात जाऊन गोरगरिबांचे डॉक्टर व्हावे. पुढे शल्यवैद्य होण्याचाही विचार झाला, पण ती परीक्षा साधली नाही. माणूस एका दाराशी धडपडत असतो आणि देव त्याच्यासाठी दुसरेच दार उघडून ठेवतो, ह्याचा अनुभव आपणांपैकी पुष्कळांस असेल. १९५१ साली वैद्यकीचा प्रबंध पुरा होताच रेमाँ त्युर्पाँ ह्या प्राध्यापकांनी त्यांस आपल्या हाताखाली बोलाविले व एक विषय सोपविला. त्या काळी ज्यांस ‘मंगोल’ म्हणत अशा मुलांचा तो विषय होता. पुढील वर्षी, १ मे १९५२ रोजी, बिर्थ ह्या डेन्मार्कच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्या बाईंनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता, आणि पतीच्या सर्व बऱ्यावाईट दिवसांत त्या अखेरपर्यंत पाठीशी उभ्या राहिल्या.

त्या मुलांची त्या वेळची स्थिती समजल्याखेरीज पुढील गोष्टीचे महत्त्व कळावयाचे नाही. १८६६ साली जॉन लँग्डन डाउन ह्या इंग्रज डॉक्टरांनी ह्या मुलांचे प्रथम स्पष्ट वर्णन केले. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी त्यांस मंगोल लोकांचे नाव दिले, ते चुकीचे व अन्यायाचे होते. परंतु त्याच लेखात त्यांनी एक खरे निरीक्षणही नोंदविले होते, ते लोक विसरून गेले. ही मुले बहुधा बोलू शकतात, बोलणे जड व अस्पष्ट असते, आणि जिभेच्या व्यायामाने ते पुष्कळ सुधारते, असे त्यांनी लिहिले आहे. पुढील नव्वद वर्षांत नाव तेवढे राहिले, आशा मात्र लोपली. आईबापांच्या गुप्तरोगाचे हे फळ, दारूचे हे फळ, आईच्या कुळातील दोष, असे नाना तर्क युरोपातील शहाण्या लोकांनीही केले. आपल्याकडे ग्रहण पाळले नाही, दृष्ट लागली, मागल्या पापाची फेड झाली, असे म्हणतात. तर्क वेगळे, पण बोट शेवटी आईकडेच वळते. पुष्कळ मुले अशा आश्रमांत ठेवली जात की जेथे त्यांस खाऊपिऊ घालीत, पण शिकवीत नसत.

त्युर्पाँ ह्यांच्या दवाखान्यात लेजून ह्यांनी आरंभ केला तो हाताच्या रेषांपासून. ह्या मुलांच्या तळहातावर पुष्कळदा एकच आडवी रेघ असते. हस्तरेषा तर मूल गर्भात असतानाच, फार लवकर, उमटतात. तेव्हा जे काही घडले ते जन्मानंतर घडलेले नाही, आईच्या वागण्याने तर नाहीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मग दोष असेल तर तो गुणसूत्रांत असावा. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे किती, हे देखील १९५६ पर्यंत शास्त्रज्ञांस बिनचूक ठाऊक नव्हते. त्या वर्षी त्यिओ व लेवान ह्यांनी स्वीडनमध्ये ती मोजून ४६ ठरविली.

ह्यापुढील भाग थोडा संभाळून सांगितला पाहिजे. त्या दवाखान्यात मार्त गोतिए नावाच्या एक तरुण डॉक्टर बाई होत्या. पेशी काचेच्या भांड्यात जगविण्याची विद्या त्या अमेरिकेत शिकून आल्या होत्या. जवळ पैसा नाही, उपकरणे नाहीत, अशा स्थितीत त्यांनी स्वतः कर्ज काढून काचसामान घेतले, पेशींच्या खुराकासाठी कोंबडा पाळला व प्रसंगी आपल्या अंगचे रक्तही वापरले. १९५८ साली त्यांनी तयार केलेल्या काचपट्ट्यांवर ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे दिसू लागली. त्या पट्ट्यांची छायाचित्रे काढविणे, मोजणी निश्चित करणे व तिचा अर्थ जगापुढे मांडणे हे काम लेजून ह्यांनी केले. २६ जानेवारी १९५९ रोजी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे जो लेख आला त्यावर लेजून ह्यांचे नाव पहिले, गोतिए ह्यांचे मधले, व तेही चुकीचे छापलेले, आणि त्युर्पाँ ह्यांचे शेवटी होते. अनेक वर्षांनी गोतिए बाईंनी आपली तक्रार उघड बोलून दाखविली. २०१४ साली फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीनेही त्यांच्या बाजूने कौल दिला. लेजून ह्यांच्या चाहत्यांचे म्हणणे निराळे आहे. संतपदाच्या वाटेवर असलेल्या पुरुषाचे चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवावी असे आम्हांस वाटत नाही. जिने कोंबडा पाळला व रक्त दिले त्या बाईचे नाव ह्या पानावर असलेच पाहिजे.

शोध असा होता की ह्या मुलांच्या पेशीत एकविसाव्या जोडीचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. बहुतेक वेळा बीज घडताना जोडी नीट वेगळी होत नाही, एवढेच त्याचे कारण. आईचे वय वाढते तसा हा संभव वाढतो हे खरे. पण तरुण आयांच्या पोटीही अशी मुले जन्मतात, आणि साधारण ७०० ते १००० जन्मांमागे एक असे हे प्रमाण श्रीमंत-गरीब, हिंदू-ख्रिस्ती, गोरे-काळे असा भेद जाणत नाही. गायनमंडळात एक गायक ठरल्यापेक्षा अधिक येऊन उभा राहिला तर गीत तेच राहते, पण त्याचा मेळ जमावयास वेळ लागतो. तसेच काहीसे ह्या शरीराचे होते. आईवर ठेवलेला आरोप त्या दिवशी शास्त्राच्या दरबारात फेटाळला गेला. १९६१ साली जगातील काही नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रात सही करून ‘मंगोल’ हा शब्द टाकून द्यावा असे सुचविले. त्या सह्यांत लेजून व त्युर्पाँ ह्यांच्याही सह्या होत्या. पुढे ‘डाउन सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले.

मानसन्मान भराभर आले. १९६२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्या हस्ते पारितोषिक मिळाले. पॅरिसच्या वैद्यकविद्यालयात आनुवंशशास्त्राचे अध्यासन मिळाले. १९६३ साली पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळाल्याने होणारा, मांजरीसारखे रडणाऱ्या बालकांचा रोगही त्यांनी ओळखून दाखविला. पण त्यांचे मन प्रयोगशाळेपेक्षा दवाखान्यात अधिक रमे. नेकेर ह्या बालरुग्णालयात देशोदेशींची कुटुंबे त्यांच्याकडे येत. हजारो मुले त्यांच्या हाताखालून गेली, आणि त्यांस ते नावानिशी ओळखत. मुलाला मांडीवर घ्यावे, त्याच्याशी थेट बोलावे, त्याच्या उत्तरासाठी थांबावे, अशी त्यांची रीत होती. ते मूल समोर बसलेले असताना त्याच्याविषयी जणू ते तेथे नाहीच अशा रीतीने बोलणे त्यांस खपत नसे.

थांबणे ही गोष्ट दिसावयास लहान, पण ह्या मुलांच्या बुद्धीची व भाषेची सारी किल्ली तिच्यातच आहे. लेजून ह्यांच्या हयातीत व त्यानंतर पुष्कळ संशोधकांनी ह्या विषयाचा जो अभ्यास केला त्यातील काही गोष्टी येथे सांगणे अवश्य आहे, कारण त्या ठाऊक नसल्याने घरोघरी नुकसान होते.

पहिली गोष्ट, ह्या मुलांची समज त्यांच्या बोलण्याच्या पुष्कळ पुढे असते. पहिला शब्द दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, कधी त्याहूनही उशिरा येतो. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मूल आईचे बोलणे समजत असते, बोट दाखविते, हात पसरते, मानेने होय-नाही सांगते. ह्या खुणांनाच उत्तर द्यावे. खुणा शिकविल्या तर मूल बोलावयाचे राहील अशी भीती पुष्कळांस वाटते. अनुभव उलट आहे. खूण ही शब्दाची वाट अडवीत नाही, ती शब्दाला हात धरून आणते.

दुसरी गोष्ट कानांची. निम्म्याहून अधिक मुलांस कमीअधिक बहिरेपणा असतो, बहुधा कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचल्यामुळे. मूल ऐकत नाही म्हणून हट्टी ठरते, उत्तर देत नाही म्हणून मूढ ठरते, आणि दोष असतो तो कानात. म्हणून कानांची तपासणी एकदा नव्हे, वरचेवर करविली पाहिजे; तशीच कंठग्रंथीची व हृदयाची, कारण सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष आढळतो. त्यातच तोंडाचे स्नायू शिथिल व तोंडाची पोकळी लहान, तेव्हा मनातला शब्द बरोबर असूनही बाहेर येताना मोडतो.

आणखी एक गोष्ट अशी की कानाने ऐकलेले ही मुले फार थोडा वेळ मनात धरू शकतात; डोळ्यांनी पाहिलेले अधिक काळ टिकते. पाच शब्दांची आज्ञा केली तर पहिले तीन शब्द निसटतात. शब्दांचा साठा वाढतो, पण वाक्याची बांधणी मागे राहते. ‘बाबा कामाला गेले आहेत’ ह्याऐवजी ‘बाबा काम’ एवढेच येते. प्रत्यय गळतात, क्रियापदाची रूपे गळतात, आणि आपल्या मराठीत तर रूपांची रेलचेल. ह्यावर रागे भरून काही साधत नाही. मुलाने ‘बाबा काम’ म्हटले की आईने हसून ‘होय, बाबा कामाला गेले’ असे पुरे वाक्य परत द्यावे. तेवढाच तो धडा. इंग्लंडातील पोर्टस्मथ येथे सू बकली ह्या विदुषींनी १९८० पासून ह्या मुलांस लहानपणीच छापील शब्द दाखवून वाचावयास शिकविण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. जे कानाला धरता येत नाही ते डोळ्याला धरता येते, आणि वाचन येऊ लागले की बोलणेही सुधारते, असे पुष्कळ मुलांत दिसून आले. जाड कागदावर ‘आई’, ‘पाणी’, ‘ताई’ असे मोठ्या अक्षरांत लिहून चित्राशेजारी ठेवावयास फारसा खर्च लागत नाही.

शिकण्याला वयाची सीमाही घातलेली नाही. बारा-चौदा वर्षांनंतर ही मुले काही शिकत नाहीत असे पूर्वी मानीत. तरुणपणीही शब्द व वाक्ये वाढत राहतात असे आता ठरले आहे. आपल्या भागासाठी आणखी एक विशेष. येथे घरी मराठी किंवा कोंकणी, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी. मग कोणी तरी सल्ला देतो की अशा मुलाशी इंग्रजीतच बोला, दोन भाषांनी ते गोंधळेल. कॅनडातील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन भाषा ऐकणारी ही मुले एकच भाषा ऐकणाऱ्यांच्या मागे पडलेली आढळली नाहीत. तेव्हा ज्या भाषेत आईला माया करता येते ती भाषा मुलाकडून काढून घेण्याचे कारण नाही.

हे शिक्षण आपल्या प्रांतात परदेशाची वाट पाहत बसले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. मुंबईत १९४४ साली, म्हणजे ४७ गुणसूत्रे कोणी मोजण्याच्या चौदा वर्षे आधी, जय वकील ह्या पारशी बाईंनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येसाठी राहत्या घरीच शाळा सुरू केली. ती शाळा पुढे नावारूपास आली. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी ह्यांनी ‘कामायनी’ स्थापिली, आणि तिचे काम आपल्या निगडीपर्यंत येऊन पोहोचले. २०१६ च्या कायद्याने तर अशा मुलांस सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे.

आता लेजून ह्यांच्या आयुष्यातील दुःखाकडे वळू. रोगाचे मूळ सापडले, आता औषध सापडेल, ह्या आशेने त्यांनी पुढील तीस-पस्तीस वर्षे शरीरातील रसायनांचा शोध घेतला. फॉलिक ॲसिड व तत्सम द्रव्यांवर त्यांची मोठी भिस्त होती. बुद्धी नाहीशी झालेली नाही, तिच्या वाटेत अडथळा आहे, आणि अडथळा दूर करता येतो, असा त्यांचा विश्वास होता. ते औषध त्यांस सापडले नाही, आणि आजही सापडलेले नाही. उलट, मूल गर्भात असतानाच गुणसूत्रे मोजता येऊ लागली, आणि बरे करण्यासाठी लावलेला शोध मूल जन्मू न देण्यासाठी वापरला जाऊ लागला. ज्या लेकरांस त्यांनी अज्ञाताच्या अंधारातून बाहेर काढले, त्यांनाच त्या प्रकाशात शोधून काढून संपविण्यात येते, हे पाहून त्यांच्या जिवाला काय वाटले असेल!

१९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अमेरिकेच्या आनुवंशशास्त्रज्ञांनी त्यांस आपला श्रेष्ठ पुरस्कार दिला. आभाराची चार गोड वाक्ये बोलून खाली बसणे सोपे होते. ते उभे राहिले आणि रुग्णास मारून रोग नाहीसा करणे हे वैद्याचे काम नव्हे, ह्या आशयाचे भाषण त्यांनी त्या सभेत केले. सभा थंड राहिली. त्या रात्री पत्नीस लिहिताना आपण आज नोबेल पारितोषिकाला मुकलो, असे त्यांनी कळविले. तसेच झाले. १९७५ साली फ्रान्समध्ये गर्भपाताचा कायदा आला तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला. मित्र तुटले, संशोधनाचा पैसा आटला, भिंतींवर त्यांच्याविरुद्ध मजकूर लिहिला गेला. आपल्या देशातही १९७१ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने गर्भात गंभीर दोष आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मुदतीची मर्यादाही उरलेली नाही. म्हणून हा प्रश्न आपल्या दाराबाहेरचा आहे असे कोणी मानू नये. मात्र ज्या घराने अशा प्रसंगी एकटेपणी व भीतीपोटी निर्णय घेतला त्यावर दगड उचलण्याआधी, त्या घरास आपण काय साहाय्य देऊ केले होते, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. लेजून स्वतः तत्त्वात कठोर होते, परंतु दवाखान्यात आलेल्या आईशी कठोर झाल्याचे कोणी सांगत नाही.

आणखी एक बाब धर्मशिक्षणाची. मुलाला प्रार्थना पाठ येत नाही म्हणून प्रथम कम्युनियन लांबणीवर टाकणारे आईबाप आढळतात. परमगुरुस्वामी दहावे पायस ह्यांनी १९१० साली आज्ञा काढली, तीत लहान मुलापासून जे अपेक्षिले त्यात पवित्र भाकर साध्या भाकरीहून वेगळी आहे हे त्याने ओळखावे, हे आहे; पूर्ण ज्ञानाची अट नाही. जे मूल वेदीपुढे येताच हात जोडून गप्प उभे राहते त्याने ते ओळखले आहे की नाही, हे आईला विचारावे लागत नाही.

पुढील वर्षे थोडक्यात सांगता येतील. १९७४ साली ते व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले. १९८१ साली परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल ह्यांच्या वतीने अणुयुद्धाचा धोका सांगावयास ते इतरांसह मॉस्कोला ब्रेझनेव्ह ह्यांच्या भेटीस गेले. परमगुरुस्वामींचा त्यांच्यावर मोठा लोभ होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये जीवनाच्या रक्षणार्थ नवी अकादमी स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. त्या वेळी ते फुफ्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. आपल्या मुलांस बरे करावयाचे होते, आणि ते न करताच आपण त्यांस टाकून निघालो, ही खंत त्यांस शेवटच्या दिवसांत फार जाळीत होती. ३ एप्रिल १९९४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, सकाळी त्यांनी देह ठेवला. शालो-सें-मार ह्या खेड्यात त्यांची कबर आहे. १९९७ साली परमगुरुस्वामी स्वतः तेथे जाऊन प्रार्थना करून आले. २१ जानेवारी २०२१ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी त्यांस ‘वंदनीय’ ही पदवी दिली.

त्यांचा अंत्यविधी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात झाला. विद्वान, धर्मगुरू, अकादमीचे सभासद अशी मोठी मंडळी जमली होती, आणि त्यांच्यामध्ये त्यांचे रुग्ण आपल्या आईबापांसह बसले होते. त्यांतील एक डाउन सिंड्रोम असलेला गृहस्थ, डॉक्टरांच्या अगदी पहिल्या रुग्णांपैकी एक, पुढे जाऊन ध्वनिक्षेपकापाशी उभा राहिला. त्याने सर्वांच्या देखत डॉक्टरांचे आभार मानले, आणि तो बोलून होईपर्यंत ते सारे मंदिर त्याच्यासाठी थांबले.